शालूबाईला बोलावू का?

कुरुंद्याहून तीनेक किलोमीटर आत गेलं की एक वाडी लागते. त्या वाडीत बागुलबुवा नाही. पूर्वी होता म्हणतात, पण गेल्या चौदा वर्षांत त्याला काही कामच उरलं नाही. त्याचं सगळं काम शालूबाईकडे आलं.

शालूबाई जिल्हा परिषदेच्या शाळेत खिचडी शिजवते. शाळा पहिली ते चौथी, खोल्या दोन, मास्तर एक, मॅडम एक, लेकरं त्रेचाळीस. शालूबाई हाडापेरानं मोठी, चौकटीतून जाताना मान वाकवणारी, आणि आवाज असा की पटांगणात उभं राहून तिनं "ओऽऽ मुन्ना" म्हटलं की तिचा मुन्ना कॅनॉलवरून म्हशी घेऊन घरी निघायचा. आता मुन्ना हिंगोलीला मोबाइलच्या दुकानात आहे, पण आवाज तेवढाच आहे. हातात कायम लांब दांड्याचं लोखंडी उलथनं. खिचडीचं पातेलं इतकं मोठं की घासताना ती कमरेपर्यंत आत जाते आणि आतूनच कुणाशी तरी बोलत राहते. तेव्हा आवाज विहिरीतून आल्यासारखा घुमतो.

सुरुवात झाली रुख्मिणीबाईच्या अंगणात. रुख्मिणीबाईचा थोरला नातू तेव्हा तीन वर्षांचा होता आणि भाकरीकडे बघून तोंड मिटत होता. रुख्मिणीबाई बोलायला लागली की मध्ये श्वास घेत नाही. "खा रे माह्या राजा, खा रे माह्या सोन्या, हा घास काऊचा, हा घास मावशीचा, खातोस का देऊ पाठीत, खा रे माह्या राजा." समोरच्या रस्त्यानं शालूबाई शाळेतून घरी निघाली होती. ती थांबली, उलथनं खांद्यावर टेकवलं आणि सहज म्हणाली,

"कोन जेवत न्हाई गं माय? आना इकडं. पातेलं रिकामंच हाय माहं."

पोरानं भाकर संपवली. वर दूध प्यालं. मग आजीच्या लुगड्यात तोंड घालून बसलं ते शालूबाई दिसेनाशी होईस्तोवर.

दुसऱ्या दिवशी नळावर रुख्मिणीबाईनं ही गोष्ट सांगितली, तिसऱ्या दिवशी चार घरांत "शालूबाईला बोलावू का?" सुरू झालं. मग ती चालच पडली. घरोघरी शालूबाई वेगळी. एका घरी ती लेकरं पातेल्यात टाकायची. दुसऱ्या घरी उलथन्यानं कान कापायची. गल्लीच्या टोकाला तर पोत्यात घालून वसमतच्या बाजारात विकायची. हे तिच्या कानावर आलं तेव्हा ती एवढंच म्हणाली, "वसमतला काहून? हिंगोलीचा बाजार मोठा हाय की."

खरं सांगायचं तर तिला ते आवडायचं. बायका तिला मुद्दाम बोलावणं धाडायच्या. "शालूबाई, जरा दारात उभ्या राहा की. काही बोलू नका. निसत्या उभ्या राहा." ती जायची, उभी राहायची, उलथनं एका हातातून दुसऱ्या हातात घ्यायची. आत घास उतरायचे. बारशाला गेली की बाळाची आई हसून म्हणायची, "वळखून ठेव बरं हिला, पुढं कामाला येईल." शालूबाईही हसायची. ग्रामसेवक येतो जातो, तलाठी येतो जातो, कुणाच्या नावानं लेकरू जेवतं का? शालूबाईच्या नावानं जेवायचं.

तिचा नवरा सोनाजी कमी बोलतो. बोलला तर एवढंच, "सबंध गाव भेऊन राहिलं तुला. मीच एकटा धाडसाचा हाय व्हय?"

सेनगावला दिलेल्या तिच्या लेकीची, सरिताची, एक पोरगी आहे. अडीच वर्षांची. फोनवर शालूबाईचा चेहरा दिसला की ती उशीमागं जाते. "लाजरी हाय गं आई," सरिता म्हणायची. शालूबाईला ते पटायचं. तिच्या माहेरी सगळ्याच पोरी लाजऱ्या होत्या, असं ती सोनाजीला सांगायची. सोनाजी तिच्याकडे बघायचा आणि तंबाखू मळायचा.

शाळेत मात्र एक कोडं होतं.

मुख्याध्यापिका संगिता मॅडम. बोलतात छापल्यासारखं. साधं "पंखा लावा" म्हणायचं तरी "हवा खेळती राहण्याच्या दृष्टीनं पंखा लावून घ्यावा" म्हणतात. त्यांच्या ध्यानात आलं होतं की दरवर्षी पहिलीची लेकरं दिवाळीपर्यंत वर्गातच चड्डी ओली करतात. दिवाळीनंतर करत नाहीत. दुसरीची करत नाहीत, तिसरीची करत नाहीत. मॅडमनी संडासाची कडी बदलून घेतली. भिंतीवर ससा काढला, हत्ती काढला. पाण्याची टाकी बसवली. पालकसभेत विषय घेतला. काही उपयोग झाला नाही.

"आजकालची लेकरंच अशी," फडक्यानं फरशी पुसता पुसता शालूबाई म्हणायची. "मुतायला जा म्हनूनबी सांगावं लागतं. आमच्या येळंला असं नव्हतं बाप्पा."

संडास शाळेच्या मागच्या अंगाला आहेत. तिकडे जायची वाट खिचडीच्या शेडच्या दारावरून जाते. दुसरी वाट नाही. ही गोष्ट मॅडमना, मास्तरांना, शालूबाईला, सगळ्यांना माहीत होती, आणि कुणाला काही कळली नव्हती.

यंदाच्या एप्रिलात शाळापूर्व तयारीचा मेळावा आला. जूनला पहिलीत बसणारी लेकरं आईबरोबर एक दिवस शाळेत येतात, रंग ओळखतात, उड्या मारतात, कागदावर कुंकवाच्या पाण्याचा पाऊल-ठसा देतात, शिरा खातात आणि घरी जातात. केंद्रप्रमुख साहेब येणार होते. मॅडमनी फलक रंगवून घेतला, 'आनंददायी व भयमुक्त शाळा'. फुगे लावले. मग त्या शेडमध्ये आल्या.

"शालूबाई, यावर्षी प्रवेशद्वारावर बालकांचं औक्षण तुमच्या हस्ते करायचं आहे."

"माह्या हस्ते?"

"तुम्हीही शाळेचा महत्त्वाचा घटक आहात."

घटक म्हणजे काय ते शालूबाईनं विचारलं नाही. घरी जाऊन लग्नातलं हिरवं पातळ काढलं.

एप्रिल म्हणजे हळदीचा हंगाम. शाळेच्या मागे कडक जमिनीचं खळं आहे, तिथं सगळी वाडी हळद वाळवते. शाळेची मागची भिंत एका जागी पडलेली आहे, त्या भगदाडातून खळं सरळ दिसतं. वाळलेली हळद घासून चकचकीत करायचा ग्यानबाचा ढोल बारा महिने तिथंच उभा असतो. बैलगाडीएवढा, जाड पत्र्याचा, अंगभर भोकं पाडलेला, चाकांवर बसवलेला, पोटाला एक झाकण. ट्रॅक्टरला जोडला की गरागरा फिरतो. ग्यानबाची एक सवय आहे. हळद भरायच्या आधी तो ढोल दोन मिनिटं रिकामाच फिरवतो, म्हणजे आदल्या दिवसाचा भुस्सा झटकून जातो. "बराबर हाय ना? एकाची हळद दुसऱ्याच्या हळदीत काहून मिसळायची? बराबर हाय ना?" ग्यानबाच्या प्रत्येक वाक्याला मागे आणि पुढे ते 'बराबर' असतंच.

मेळाव्याच्या दिवशी अकरा लेकरं आली. शालूबाई फाटकाशी ताट घेऊन उभी होती. दहा लेकरं वाडीतलीच. ती आईच्या मागे लपली, ओठ मिटून ओवाळून घेतलं आणि आत पळाली. शालूबाईला त्यात काही नवीन वाटलं नाही. लेकरं नवीन जागी बुजतात.

अकरावी गुंजन. रुख्मिणीबाईच्या धाकट्या मुलाची. ही मंडळी संक्रांतीपर्यंत हिंगोलीत भाड्यानं राहत होती, आता वाडीला शेती बघायला आली. गुंजनच्या आईचं, प्रियंकाचं बोलणं अजून शहराच्या गतीनं चालतं आणि अर्धं मोबाइलमध्ये बघत चालतं. वाडीला आल्या आल्या रुख्मिणीबाईनं सुनेला घरची वहिवाट शिकवली होती. "शालूबाईचं नाव घेत जाय, बघ कशी गपागप खाती, थोरल्यालाबी असंच वाढवलं, नाव घे, काही करू नको, निसतं नाव घे." तीन महिने गुंजननं ते नाव दोन वेळच्या जेवणाला ऐकलं होतं. बाई पाहिली नव्हती.

"ये गं बाळा, ये," मॅडम म्हणाल्या. "बघ, शालूबाई ओवाळणार आहेत तुला."

गुंजन रडली नाही. एकदम थांबली. शालूबाईच्या पायापासून डोक्यापर्यंत तिनं बघितलं. वेळ लागला, कारण शालूबाई उंच होती. मग ताटाकडे बघितलं. ताटात दिवा होता. जाळ.

शालूबाईनं तिच्या कपाळाला कुंकू लावलं. कपाळ थंडगार लागलं.

पुढे भाषणं झाली. केंद्रप्रमुख साहेबांना 'म्हणजे काय, की' म्हटल्याशिवाय वाक्य सुरू करता येत नाही. "म्हणजे काय, की, बालकाला शाळा ही, म्हणजे काय, की, दुसरं घर वाटलं पाहिजे. म्हणजे काय, की, त्याच्या मनात भय हे..." मागच्या ओळीतल्या तिसरीच्या पोरी बोटावर 'की' मोजत होत्या. एकोणीस झाले तेव्हा प्रियंकानं मोबाइलमधून मान वर केली.

"गुंजन? अगं गुंजन कुठाय? इथंच होती, आत्ता फोटो काढला मी तिचा, हे बघा, हा बघा फोटो."

फोटोत गुंजन होती. खुर्चीत नव्हती.

वर्ग बघितले. संडास बघितले. फाटकाबाहेरचा रस्ता बघितला. रुख्मिणीबाई छाती बडवत अंगणात फिरली, "विहीर बघा रे कुनी, माह्या लेकरासाठी विहीर बघा रे." एक गडी विहिरीकडे पळाला. मॅडमचा चेहरा पांढरा पडला होता, तरी त्या म्हणाल्या, "शालूबाई, तुमचा आवाज सर्वदूर पोहोचतो. तुम्ही हाक द्यावी."

शालूबाईनं ताट ठेवलं, उलथनं उचललं. का उचललं ते तिलाही सांगता आलं नसतं. बाहेर निघताना हातात असायचंच. पटांगणाच्या मध्ये उभी राहिली आणि हाक दिली.

"गुंजनऽऽ! ओऽऽ गुंजन! मी शालूबाई बोलून राहिले! कुठं हाईस तूऽऽ?"

लिंबावरचे कावळे उडाले. ती शेडकडे गेली, तिथून हाक दिली. भगदाडापाशी गेली, तिथून दिली. खळ्यावर हळद पसरलेली होती, ढोल उभा होता, माणूस कुणी नव्हतं. ती परत फिरली. चौथी हाक द्यायला तिनं श्वास घेतला तेव्हा कुणीतरी तिचा पदर ओढला.

तिसरीतली जाई. "आजी, तुमी नका हाका मारू."

"काहून गं?"

"तुमी हाक मारली की ती जास्तच लपंल. मी पन तसंच करायची."

"तू?"

"पहिलीत होते तवा. तुमी पातेल्यात टाकता म्हनून." जाई हसली. तिला आता ती गंमत वाटत होती. "सगळेच लपायचे. दिवाळीपर्यंत."

शालूबाईला हसू आलं नाही. तिनं हळूच विचारलं, "तू कुठं लपायचीस?"

"ढोलात. ग्यानबाच्या. भोकातून तुमी दिसता आन तुमाला आमी दिसत न्हाई."

त्याच वेळी भिंतीमागे ट्रॅक्टर सुरू झाला.

शालूबाई वयाच्या बावन्नाव्या वर्षी लग्नातलं पातळ नेसून पळाली. भगदाडातून बघते तर ग्यानबानं ट्रॅक्टर मागे घेऊन ढोल जोडलेला, खाली वाकून खीळ घातलेली, आणि आता तो सीटवर चढत होता. "ग्यानबाऽऽ!" ती ओरडली. ज्या आवाजाला सगळी वाडी भ्यायची, त्याला ट्रॅक्टर भ्याला नाही. इंजिनाच्या धडधडीत हाक विरून गेली. ग्यानबानं रिकामा ढोल फिरवायला दांड्याकडे हात नेला.

शालूबाईनं उलथनं फेकलं.

ते ट्रॅक्टरच्या बोनेटवर असं वाजलं की ग्यानबा सीटवर उडाला. त्यानं इंजिन बंद केलं. "शालूबाई! डोकं फिरलं का तुमचं? बराबर हाय का हे? नवा रंग दिलाय, बराबर हाय का?"

"ढोलात लेकरू हाय."

ग्यानबानं ढोलाकडे बघितलं. मग तो ट्रॅक्टरवरून उतरला आणि सावलीत नाही, उन्हातच खाली बसला. बराच वेळ त्याच्या तोंडातून 'बराबर' निघालं नाही.

तोवर सगळी शाळा भगदाडातून खळ्यावर आली. ढोलाचं झाकण नुसतं लोटलेलं होतं. प्रियंकानं ते उघडलं. आत अंधार, हळदीचा भुस्सा, आणि मधल्या दांड्याला दोन्ही हातांनी कवटाळून बसलेली गुंजन. प्रियंका रडायला लागली, हसायला लागली, हात आत घातला. गुंजन आणखी मागे सरकली. हात पुरेना.

"ये ना बाळा, ये ना, मम्मी आहे ना. चॉकलेट देते. कार्टून लावते. ये ना." गुंजन हलेना. प्रियंका घाबरलेली होती, आणि घाबरलेल्या माणसाच्या तोंडात रोजचंच वाक्य येतं. "येतेस का आता? का शालूबाईला बोलावू?"

बाकीच्या आयांनी माना खाली घातल्या.

"म्हणजे काय, की," केंद्रप्रमुख साहेबांनी मॅडमना हळू विचारलं, "ह्या शालूबाई कोण?"

मॅडम भगदाडातून शेडकडे बघत होत्या, आणि शेडच्या पलीकडच्या सशा-हत्तीच्या भिंतीकडे.

शालूबाईपुढे सोपी वाट होती. तिथून निघून जायचं. ती गेली असती तर "गेली गं गेली" म्हणून पोर पाच मिनिटांत बाहेर आली असती, आणि जूनमध्ये परत पहिलीत बसली असती, संडासाला न जाता. बाकीची दहाही बसलीच असती. शालूबाई चार पावलं गेलीही. मग वळली.

ती ढोलाच्या झाकणापासून दोन हात लांब, मातीत मांडी घालून बसली. हिरव्या पातळाचा विचार केला नाही.

"मी शालूबाई," ती म्हणाली. एवढा लहान आवाज तिच्याजवळ आहे हे सोनाजीलाही माहीत नव्हतं. "बस आतच. येऊ नको. मी हात घालत न्हाई. तुला माह्याबद्दल काय सांगितलंय तेवढं सांग."

आतून आलं, "पातेल्यात टाकता."

"कोन म्हनलं?"

"मम्मी."

प्रियंका वाळत घातलेल्या हळदीकडे बघायला लागली.

"मम्मीला कोनी सांगितलं?"

"आजीनं."

"आन आजीला म्या सांगितलं. चौदा वर्सं झाली. ते पहिलं खोटं माहं. म्या खोटं बोलले, गुंजन. चुकले."

"अगं शाले," रुख्मिणीबाई कळवळली, "चार लोकांत असं काय बोलतीस, साहेब हायेत, लेकराला माफी मागतंय का कुनी, आमी काय वाईटासाठी..."

"थांब गं माय जरा."

आतून आवाज आला. "मोठी माणसं खोटं बोलतात?"

"लई बोलतात. लेकरू जेवत नसलं की तर बोलतातच." शालूबाईनं क्षणभर विचार केला. "म्या पातेल्यात तांदूळ टाकते. मूग टाकते. मीठ, हळद. लेकरू एकबी टाकलं न्हाई. विचार जाईला."

"एकदा वाटी पडली होती," जाई म्हणाली. "लेकरू न्हाई."

ढोलाच्या एका भोकामागे डोळा आला.

"दात दाखवा."

शालूबाईनं तोंड उघडलं. केंद्रप्रमुख साहेबांसमोर, मॅडमसमोर, अकरा आयांसमोर ती उन्हात तोंड वासून बसली. डोळा या भोकातून त्या भोकात गेला.

"दोन पडलेत," शालूबाई म्हणाली.

"तीन," गुंजन म्हणाली. मोजणी पक्की होती. "यांनी चावता येत नाही."

"न्हाई येत. सुपारीबी कुटून घ्यावी लागती. आता मी डोळे मिटते. तू ये, आईकडं जाय. तू गेल्याबिगर मी उठत न्हाई."

तिनं डोळे मिटले. पत्रा वाजला. भुस्सा खाली पडला. लहान पावलं उतरली, थांबली, तिच्याभोवती लांबचा वळसा घालून गेली. मग रुख्मिणीबाईचा आवाज, "अगं माय, नवरीच करून आनली की माही!" तेव्हा शालूबाईनं डोळे उघडले. गुंजन केसांपासून नखांपर्यंत पिवळी होती.

मेळावा पुढे झाला. पाऊल-ठशासाठी कुंकवाचं पाणी लागलं नाही. गुंजननं कोऱ्या कागदावर पाय ठेवला आणि पिवळा ठसा उठला. साहेबांनी फोटो घेतला. शालूबाई शेडमध्ये गेली तेव्हा शिरा खाली लागलेला होता. चौदा वर्षांत पहिल्यांदा.

दुसऱ्या दिवशी ती घरोघर फिरली. उलथनं घरी ठेवून गेली, त्यामुळे दोन ठिकाणी तिला ओळखायला वेळ लागला. प्रत्येक दारात तेच बोलली, "आजपासून माहं नाव घ्यायचं न्हाई."

"मग लेकरं जेवतील कशी?" रुख्मिणीबाईनं विचारलं.

"भूक लागली की."

"आन न्हाईच लागली तर? मग कोनाचं नाव घ्यावं? पोलिसाचं घ्यावं का? डॉक्टरनीचं घ्यावं का?"

"मग सुई टोचायला दवाखान्यात नेशील तवा त्या डॉक्टरनीनं काय करावं?"

रुख्मिणीबाई मग दहा मिनिटं बोलली, डॉक्टरनीचं सोडून बाकी सगळ्यावर.

गल्लीच्या टोकाच्या घरानं ऐकलं नाही. तिथं अजून वसमतचा बाजार भरतो. पण बाकीच्यांनी हळूहळू सोडलं. कुणाच्या तोंडून सवयीनं "शालू..." एवढं निघायचं आणि मग "शालू... लवकर खा" असं व्हायचं.

सरिताला तिनं फोन लावला. "सरिते, पोरीला माहं काय सांगत असतीस?"

"जेवत न्हाई गं आई ती. कधीमधी."

"सांगू नको." एवढं बोलून तिनं फोन ठेवला. सोनाजी शेजारीच होता. त्यानं तंबाखूची डबी तिच्याकडे सरकवली. ती तंबाखू खात नाही.

ग्यानबानं ढोलाच्या झाकणाला साखळी आणि कुलूप लावलं. तरी तो फिरवायच्या आधी तीनदा पत्र्यावर थाप मारतो आणि विचारतो, "आत कोन हाय का?" कुलूप बाहेरून, चावी त्याच्याच खिशात. लोक हसतात. "ग्यानबा, आतून उत्तर आलं तर?" "आलं तर फिरवायचा न्हाई. बराबर हाय ना?"

जूनला शाळा भरली. पहिल्या दिवशी मॅडमनी फरशी पुसायचं फडकं दारामागे तयार ठेवलं होतं. अकराच्या सुमाराला वर्गातून गुंजन उठली, दारातून बाहेर आली आणि शेडपाशी थांबली. शालूबाईनं नुकतं आधण ठेवलं होतं. दोघींनी एकमेकींकडे बघितलं.

"काय टाकलंय?" गुंजननं विचारलं.

"तांदूळ."

"बस?"

"मूग टाकायचे हायेत."

"बघू."

शालूबाईनं झाकण उचललं. गुंजन टाचा उंच करून बघू लागली, दिसेना. शालूबाईनं चुलीपासून लांब पाट टाकला. गुंजन त्यावर चढली, लांबूनच आत नीट बघितलं, वाफेनं डोळे बारीक केले, उतरली आणि संडासाकडे गेली.

परत येताना ती एकटी नव्हती. वर्गातली चौघं पाटापाशी येऊन उभी राहिली होती. प्रत्येकाला आधी बघायचं होतं, मग जायचं होतं.

आता हे रोजचंच झालं आहे. अकरा वाजले की पहिलीचा वर्ग ओळीनं पाटावर चढतो, पातेलं तपासतो आणि पुढे जातो. कुणी पटकन बघतं, कुणाला दोनदा बघावं लागतं. तोवर शालूबाई एका हातात गरम झाकण धरून उभी असते. खिचडी उशिरा होते. मास्तर घड्याळ बघतात. मॅडम म्हणतात, होऊ द्यावी.

"झालं का?" शालूबाई विचारते. "ठेवू का झाकन?"

"थांबा," पाटावरून उत्तर येतं. "अजून एक जण राहिलाय."